मागून बंद ठेवलेला खडा

आबा,

तुम्ही घडवलेली एक वस्तू परवा माझ्या टेबलावर आली. शिंदखेड्याच्या एक अक्का आणि पुण्यात नोकरी करणारी त्यांची नात, अशा दोघी जळगावला माझ्या मेहरूणच्या घरी आल्या. अक्कांनी पदराची गाठ सोडून हिऱ्यांच्या कुड्या काढल्या. एकेकीत सात खडे, मागून सोन्याने बंद. नातीचं म्हणणं सरळ होतं. कुड्या आता कोण घालतं, ऑफिसला रोज घालता येईल असं पेंडंट आणि छोटे टॉप्स करून द्या, खडे उघड्या बैठकीत, खालून उजेड येईल असे. अक्का मात्र पुन्हा पुन्हा एकच सांगत होत्या, ‘काय करशी ते कर माय, पन मांगून बंदच ठेव.’ मी कुडी उलटी केली आणि फिरकीशेजारी तुमची कानशीची बारीक आडवी खूण दिसली.

त्या कुड्या मी विसरणं शक्यच नव्हतं. मी अकरा वर्षांची आहे, धुळ्याच्या घरी शाळेतून आले आहे आणि तुमच्याशेजारी बसून गणितं सोडवते आहे. तुमच्या हातात कुडी आहे, तिच्यातलं एक घर रिकामं. तुम्ही पत्र्याच्या डबीतून पांढरा पुष्कराज निवडता, त्याच्याखाली चकचकीत वर्ख ठेवता आणि कडेचं सोनं दाबून तो बसवता. तो हिरा नाही हे मला कळतं, तुमचीच पोर होते मी. महिनाभराने एक ठसठशीत बाई त्याच कुड्या धुवायला घेऊन आल्या आणि त्यांनी विचारलं, ‘बठ्ठा हिरा जागावर शेतस ना, आबा?’ तुम्ही मान वर न करता म्हणालात, ‘सगळं जागच्या जागी आहे.’ मी मध्येच बोलले, ‘आबा, पण त्यातला एक...’ पुढचं तोंडातच राहिलं, कारण तुमच्या हातातला चिमटा माझ्या बोटांवर बसला. ‘आत जा,’ एवढंच म्हणालात. दुसऱ्या दिवशी तुम्ही तुमचं स्वतःचं भिंग माझ्या दप्तरात ठेवलंत, एक शब्द न बोलता. मला वाटलं, तोंड बंद ठेवण्यासाठी दिलं.

तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली, आणि त्याआधी हाताशी भरपूर वर्षं होती, तरी मी कधी विचारलं नाही. विचारायचं काय, बापाने हिरा काढून घेतला हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तुमचाच धंदा केला, पण धुळ्यात नाही. आणि पहिल्या दिवसापासून नियम केला की जुना दागिना गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत उघडायचा, प्रत्येक खड्याला मशीन लावून, हिऱ्यावर ते वाजतं हे दाखवायचं, मगच हात घालायचा. बाई फार सचोटीच्या, असं लोक म्हणतात. ती सचोटी मी तुमच्यावरच्या रागातून कमावली, हे त्यांना कुठून ठाऊक असणार.

तर परवा माझाच नियम माझ्या गळ्याशी आला. काम नाकारता आलं असतं. वेळ नाही म्हणून परत पाठवता आलं असतं. पण नात खुर्ची पुढे ओढून बसलेली, ‘तुम्ही समोर उघडता ना, म्हणूनच आलो,’ म्हणत. मी पहिली कुडी उघडली, मशीन टेकवलं, ते वाजलं. सातही वेळा वाजलं, नात बोटांवर मोजत होती. दुसरी कुडी घेतली. अक्का आता खड्यांकडे बघत नव्हत्या, माझ्या तोंडाकडे बघत होत्या. एक, दोन, तीन, चार. पाचव्या खड्यावर मशीन गप्प. मी पुन्हा टेकवलं, उगाचच. मग तुमचं भिंग डोळ्याला लावलं, तेही उगाचच.

‘हा हिरा नाही,’ मी म्हणाले.

नातीचा चेहरा उतरला. ‘म्हणजे कोणी तरी बदललाय. कोणी?’

‘माझ्या वडिलांनी. मी लहानपणी पाहिलंय.’

अक्कांनी कपाळावरचा पदर सारखा केला आणि नातीकडे न बघता माझ्याशी बोलू लागल्या. ‘हिरा मी दवाडा, पोरी. सासूले न इचारता ह्या कुड्या मी चाळीसगावना लगीनमा घाल्या, तठे खडा पडी गया. सासूले समजतं तर माले माहेरले धाडी देती. मी एकली धुळाले गयी, तुना आबाना पाय धरात. त्यासनी इतलंच सांगं, जाय, कोनलेच सांगू नको, मी बी सांगस नही.’ मग म्हणाल्या, ‘त्यासनी पोर म्हनीसन तुनाकडे उनू. आबानी झाकं, तशी तू बी झाकशी असं वाटनं माले. तू आबाले कधी इचारंच नही का?’

मी हात जोडले. कुड्या धुवायला आलेली ती ठसठशीत बाई म्हणजे अक्कांची सासू होती. चौदा खड्यांमधला तो एक अक्कांनी चाळीस-पन्नास वर्षं पदराखाली जपला होता, तुम्ही चितेपर्यंत जपला, आणि मी दोन शब्दांत उघडा पाडला, तेही तुमच्यावर ढकलून. नातीने आजीचा हात हातात घेतला आणि मला म्हणाली, तोही लावा. अक्का म्हणाल्या, ‘मांगून बंद.’

काल पेंडंट पुरं झालं. बाकीचे खडे उघड्या बैठकीत, खालून उजेड घेणारे, हल्ली सगळ्यांना हवे तसे. मधला एक मी तुमच्या पद्धतीने बसवला, खाली वर्ख ठेवून, मागून सोनं दाबून. वर्ख दोनदा फाटला. तिसऱ्यांदा जमला तेव्हा मागे कानशीने तुमची आडवी खूण केली आणि मग रडले.

आबा, हे पत्र भिंगाच्या डबीत घडी घालून ठेवते आहे, दुसरं कुठे टाकणार. एक मात्र लिहायला हवं, ते मी अक्कांनाही सांगितलं नाही. त्या दोघींसमोर ‘माझ्या वडिलांनी’ असं म्हणाले ना, तेव्हा मला लाज वाटली नव्हती. बरं वाटलं होतं.