पहिल्या नळाची जागा बदलण्याबाबत

प्रति,
मा. कार्यकारी अधिकारी,
तापीतीर जलप्रदाय समिती,
बऱ्हाणपूर, मध्य प्रदेश.

अर्जदार: यादव लोटू महाजन, पर्यवेक्षक, जलशुद्धीकरण केंद्र, लालबाग.

विषय: सोबतच्या निवेदनावर सही करण्यास नकार, आणि केंद्रावरील पहिला नळ अन्यत्र हलविण्याबाबत.

संदर्भ: आपल्या कार्यालयाने माझ्या सहीसाठी पाठविलेला निवेदनाचा मसुदा.

महोदय,

१. नवे राज्य झाल्यापासून अर्ज हिंदीत करावेत अशी सूचना आहे, ती मला ठाऊक आहे. हिंदी मला चांगली येते. आजवर आपले सगळे हुकूम मी हिंदीतच ऐकले आणि हिंदीतच पाळले. नकार मात्र घरच्या भाषेत देत आहे. आपले शालेय शिक्षण इंदूरला मराठी शाळेत झाले असे आपणच एकदा चहा घेताना सांगितले होते, त्यामुळे मजकूर समजण्यास अडचण पडू नये.

२. आपण या गावात नवे आहात, म्हणून पहिल्या नळाची हकिकत आधी नोंदवितो. केंद्र सुरू झाले तेव्हा गावातल्या बायका नळाच्या पाण्याला शिवत नव्हत्या. पंपात चामड्याचा वायसर असतो, पाण्यात सरकार काहीतरी कालवते, असे बोलले जाई. आणि डोंगरातून झिरपून येणारे जुन्या भुयारी कुंडीचे गोड पाणी ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या प्यायले त्यांना तापीचे गाळलेले पाणी कशाला रुचेल? तेव्हाच्या पर्यवेक्षकाच्या आई मथुराबाई कडक सोवळ्याच्या. त्यांनी एके सकाळी आवारातल्या नळावर घागर भरली, तुळशीला पाणी घातले आणि तिथेच उभ्याने लोटाभर प्याल्या. समोरच्या सार्वजनिक नळावर बायका बघत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी घागरी लावल्या. तेव्हापासून रीत पडली की फिल्टरमधून निघालेल्या पाण्याचा पहिला नळ पर्यवेक्षकाच्या घरी, आणि त्या घरच्या बाईची घागर भरल्याशिवाय लालबागेत कोणाची घागर नळाखाली जायची नाही. माझ्या नेमणुकीच्या हुकमात ‘सहकुटुंब आवारात राहावे’ असे लिहिले आहे ते याचसाठी.

३. माझी पत्नी रंभाबाई ही घागर मी रुजू झाल्यापासून रोज भरत आली. तिची नेमणूक कोणी केली नव्हती. तिला रजा नव्हती. माहेरी जायचे झाले तरी सकाळचे पाणी भरून मगच ती एस्टी गाठत असे. माझ्या सहीवर गावाचा विश्वास कधीच नव्हता, तिच्या घागरीवर होता, आणि त्याचे मला कधी वाईट वाटले नाही.

४. यंदाच्या पावसाळ्यात काय झाले ते आपणास माहीत आहे. तरी आपल्या मसुद्यात ते निराळे लिहिलेले असल्यामुळे पुन्हा लिहितो. ब्लीचिंग पावडर पूर्वी नागपूरच्या भांडारातून येई. राज्ये इकडची तिकडे झाल्यावर नागपूरने कळविले की तुम्ही आता आमचे नाही. नव्या राजधानीने कळविले की तुमची कागदपत्रे अजून आमच्याकडे आलेली नाहीत. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तो पाहुणा आमचे केंद्र. मी आपल्याकडे मागणीपत्रे दिली. आपण त्यावर ‘एकत्रीकरण पूर्ण होईपर्यंत थांबावे’ असा शेरा मारला. तापीला पूर आला होता. तो काही एकत्रीकरणासाठी थांबला नाही.

५. पावडरचे शेवटचे पोते संपले तेव्हा मी आपल्यापुढे दोनच मार्ग ठेवले होते: पुरवठा बंद करून लोकांना काही दिवस कुंडीवर पाठवावे, नाहीतर दवंडी पिटवून पाणी उकळून पिण्यास सांगावे. आपण म्हणालात, तुरटी दुप्पट टाका. तुरटीने पाणी निवळते, रोगाचे बीज मरत नाही, हे आपणास माहीत नव्हते असे मी म्हणणार नाही. आपण रसायनशास्त्राचे पदवीधर आहात आणि मी तुरटी आपल्याहून जास्त पाहिलेली असली तरी हे ज्ञान दोघांनाही सारखेच होते. फरक एवढाच की पंधरा ऑगस्टला केंद्रावर नव्या राज्याच्या नावाची पाटी लागायची होती, पाहुणे यायचे होते, आणि पाहुण्यांची काळजी आपल्याला होती.

६. दवंडीवाला कडू याला मी माझ्या जबाबदारीवर पाठविले. तो लालबागेत फिरला. सिंधीपुऱ्याकडे वळणार तोच आपला शिपाई सायकलवरून गेला आणि त्याला ढोलासकट परत घेऊन आला. घबराट पसरते, असे आपण सांगितले. हा हुकूम मी लेखी मागितला, तेव्हा लेखी मागणे म्हणजे वरिष्ठांवर अविश्वास, असे उत्तर मिळाले. गावच्या पुरवठ्याचा व्हॉल्व्ह उघडण्यास मी नकार दिला. आपण किल्ली माझ्याकडून घेऊन पंपचालकाला दिलीत.

७. घरी रंभाबाईला मी एवढेच सांगितले की पहिल्या नळाचे पाणी भरू नकोस. दुसऱ्या सकाळी डोक्यावर घागर घेऊन ती कुंडीकडे चालू लागली, आणि तिच्यामागे सगळी लालबाग. कडूच्या ढोलाने जे झाले नसते ते तिच्या पाठमोऱ्या घागरीने केले. पंधरा ऑगस्टच्या सकाळी सार्वजनिक नळाला झेंडूची माळ होती, खाली चुन्याची रांगोळी होती आणि पाणी भरायला चिटपाखरू नव्हते.

८. त्याच सकाळी आपण माझ्या दाराशी आलात. मला बाजूला घेऊन म्हणालात की नव्या राज्याच्या एकत्रित सेवेच्या यादीत तुमचे नाव कायम करायचे की नाही हे माझ्या हातात आहे, बायकोला सांगा. मी सांगणार नाही म्हटले. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये हे मलाही कळते, पण ते पाणी मी ओळखत होतो. मग आपण स्वतः उंबऱ्याशी उभे राहिलात आणि तिला मराठीत, फार आदराने म्हणालात, “वहिनी, एक लोटा भरून सगळ्यांदेखत प्यायचा, एवढंच. यांच्या नोकरीचं मी बघतो.” मी तिला ‘नको’ म्हटले. ते आपण ऐकलेत. ती आत गेली, चांगले लुगडे नेसून बाहेर आली, आणि पहिल्या नळाखाली लोटा धरून पाहुण्यांसमोर तळापर्यंत प्याली. टाळ्या वाजल्या. पाहुण्यांच्या गळ्यातला एक हार काढून तिला देण्यात आला. तिने तो नळाच्या तोटीला अडकवला आणि पदराने तोंड पुसले.

९. बायकांनी घागरी लावल्या. पाणी दिसायला काचेसारखे होते, दुप्पट तुरटीचे श्रेय आपले. पाहुणे फराळाला गेले. त्यानंतर रंभाबाई काय करीत होती ते आपण पाहिले नाही, कारण आपण बुंदी वाढून घेत होतात. समोरच्या मालूबाईचे शब्द जसेच्या तसे देतो. ती वाटेल तिथे येऊन सांगायला तयार आहे: “रंभाबाई घरोघर फिरली. म्हने, मी पेली ते सायबाच्या टाळ्यांसाठी. तुम्ही चुल्ह्यावर ठेवा, खदखद उकळू द्या, मंगच पोरायले द्या.” लालबागेने उकळले. लालबागेत एकही तिरडी बांधली गेली नाही, एक सोडून. सिंधीपुऱ्यात दवंडी पोचली नव्हती आणि रंभाबाईही पोचली नाही, तिथे काय झाले ते सरकारी दवाखान्याला विचारावे.

१०. तिला उलट्या सुरू झाल्या तेव्हा मी रागाने विचारले, मी नको म्हटले होते ना? ती म्हणाली, “मी नसती पेली तं त्यानं दुसरीले उभी केली असती. तिनं बायायले काही सांगितलं नसतं.” एवढेच. नोकरीचे नावसुद्धा काढले नाही. आपल्याला वाटते ती माझ्या नोकरीसाठी प्याली. मलाही तोवर तसेच वाटत होते आणि त्या समजुतीने मी तिच्याशी दोन दिवस धड बोललो नव्हतो. याचे काय करावे ते मला समजत नाही, आणि याबद्दल आपल्या कार्यालयात कोणताही नियम नसावा.

११. पावडर आली. वरातीमागून घोडे आले तसे आली. आपल्या कार्यालयाने पत्ता चुकीचा दिल्यामुळे ती बऱ्हाणपूरऐवजी चांदनी स्टेशनावर उतरली. रंभाबाईच्या दहाव्याचे आटोपून मी मालमोटार घेऊन चांदनीला गेलो आणि पोती मोजून घेतली. पावतीवर सही केली, कारण त्या कागदात लिहिले होते ते खरे होते.

१२. आता आपल्या मसुद्याविषयी. त्यात लिहिले आहे की पाणी शुद्ध होते, आणि याचा पुरावा असा की खुद्द पर्यवेक्षकाच्या पत्नीने ते मान्यवरांसमक्ष प्राशन केले. त्याच्याच खाली लिहिले आहे की सदर पत्नीस पोटाचा जुना विकार होता व त्यानेच ती मयत झाली. साहेब, एकाच कागदात तिला साक्षीला उभे केलेत आणि त्याच कागदात ढकलून दिलेत. तिला पोटाचा विकार नव्हता. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा ती अशी खाई की बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावे. वीस माणसांच्या पंगतीला एकटी वाढून मग जेवायला बसणारी बाई होती ती. तिच्या पोटाला नावे ठेवू नयेत.

१३. इथवर कदाचित मी सही न करता गप्प बसलो असतो. चोर सोडून संन्याशाला फाशी ही आपल्याकडची जुनी तऱ्हा आहे, आणि संन्याशाला तक्रार करायची सवय नसते. पण मसुद्याच्या शेवटच्या ओळीने मला हा अर्ज करायला लावले. तीत म्हटले आहे की पाण्यावरील लोकांचा विश्वास परत यावा म्हणून ‘पर्यवेक्षकाच्या कुटुंबातील अन्य स्त्रीने पहिल्या नळावर पाणी भरण्याची प्रथा पुढे चालू ठेवावी.’ माझ्या कुटुंबात अन्य स्त्री नाही. लीला आहे. ती चौदा वर्षांची आहे आणि आईची घागर तिच्या कमरेवर अजून नीट बसत नाही. हा मसुदा आला त्या दिवशी तिने तो माझ्याआधी वाचला, आणि दुसऱ्या सकाळी मला न सांगता घागर घासायला बसली होती. मी तिच्या हातून ती काढून घेतली. ती रडली नाही, ‘मग कोण भरणार?’ एवढेच तिने विचारले.

१४. तिचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर म्हणून मी खालीलप्रमाणे विनंती करतो. प्रथा मोडू नये, ती गावाच्या उपयोगाची आहे. फक्त पहिला नळ माझ्या घरून काढून आपल्या बंगल्यावर न्यावा. बंगला केंद्राच्या भिंतीला लागूनच आहे, नळ थोडाच लागेल. बंगल्याच्या आवारात खाजगी विहीर आहे ती बुजवावी, म्हणजे बंगल्यावर दुसरे पाणी राहणार नाही. सकाळची पहिली घागर बाईसाहेबांनी भरावी व समोरच्या बायकांना दिसेल अशा जागी उभे राहून लोटाभर प्यावे. यात बाईसाहेबांचे वाईट चिंतण्याचा माझा हेतू नाही. त्या माझ्या घरी दोनदा समाचाराला आल्या, आपण आला नाहीत. आज पावडर आहे, फिल्टर धुतलेले आहेत, आजचे पाणी मी स्वतः पितो. भय नाही. पण पोती पुन्हा कधीतरी संपतील. तेव्हा मागणीपत्र ज्याच्या टेबलावर पडेल, पहिला नळ त्याच्याच स्वयंपाकघरात असावा. मग शेरा मारताना ‘थांबावे’ हा शब्द लिहिला जाणार नाही, एवढीच माझी समजूत आहे.

१५. या अर्जामुळे एकत्रित यादीतून माझे नाव गेले तर जाऊ द्यावे. मात्र नव्या पर्यवेक्षकाची नेमणूक करताना तो विवाहित असावा अशी अट घालू नये.

यापुढे ‘आज्ञाधारक’ असे लिहिणार नाही. नम्र मात्र आहे.

यादव लोटू महाजन
लालबाग, बऱ्हाणपूर
दि. २३ सप्टेंबर १९५७

सोबत:
(१) निवेदनाचा मसुदा, सही न केलेला.
(२) मालूबाईचा अंगठा असलेला जबाब.
(३) पितळेचा लोटा, एक. लीलाने चिंच लावून घासला आहे. बंगल्यावरील पहिल्या नळासाठी.