नाडीवरची लय

४ फेब्रुवारी
कमाल झाली! आज तालमीत आमचं समूहगान असं पळालं की खिडक्या थरथरल्या! नेहमीसारखी दोन बोटं मनगटावर ठेवली, नाडीवरून लय धरली, हात उचलला — वीसही गळे सुटले! लय मोजायचं यंत्र कपाटात धूळ खातंय. माझी नाडी असताना ते हवंय कशाला? खर्जवाले काका, आमच्यातले सगळ्यात वयस्क, कुरकुरले, "अगं, मागे कोणी लागलंय का आपल्या?" लागू दे!

७ फेब्रुवारी
सहा किलो उतरले, तेही दुप्पट जेवून. झोप चार तास. उजाडायच्या आत पडदे धुऊन मोकळी! नवरा म्हणतो, "तुझ्या अंगात वारं शिरलंय."

१३ फेब्रुवारी
गायनवर्गाचा एवढासा जिना, चढताना दोनदा बसले. पाय सुजलेत. वर जाऊन मनगट धरलं — तर लयच नाही! दोन ठोके पळतात, एक गळतो, मग तीन एकदम. हात उचलताच येईना. सगळे माझ्याकडे बघत उभे.

१५ फेब्रुवारी
डॉक्टरीणबाईंनी आधी गळाच चाचपला. थायरॉइड! गळ्यातली इवलीशी ग्रंथी, आणि हृदयाला पार पिटाळलंय तिने. ठोके अनियमित. फुप्फुसांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांत दाब वाढलाय, म्हणून ही धाप. "मरते की काय मी?" "वेळेत आलात. गोळ्या नीट घ्या, दाब उतरेल, ठोकेही बहुधा ताळ्यावर येतील." हसावं की रडावं — रडलेच! पण तडफही उतरली तर? त्या तडफेपायीच तर दीड वर्षापूर्वी वर्गाने मला नेमलं.

१६ फेब्रुवारी
तालमी बंद. वर्गाचे चिटणीस फोनवर, "एप्रिलअखेरपर्यंत थांबू. नाहीतर दुसऱ्या बाई बघाव्या लागतील." बघा, खुशाल बघा! (बघू नका.)

२८ एप्रिल
नाडी चौऱ्याहत्तर! एकसारखी!! फुप्फुसांतला दाबही जवळजवळ उतरला. डॉक्टरीणबाईंना मिठीच मारली. उद्या तालीम. छातीत धडधडतंय, पण ही आपली साधी, भीतीची धडधड.

२९ एप्रिल
बोटं ठेवली, हात उचलला. गाणं संथ निघालं. संपलं, म्हटलं, गेलं आपलं काम! शेवटची ओळ झाली, बघते तर काका डोळे पुसत होते. "दीड वर्षात आज पहिल्यांदा मधे श्वास घ्यायला मिळाला गं. म्हणजे इतके दिवस आम्ही तुझा आजारच गात होतो की!"