चेन्नई ते अंदमान ‘दोन तास’ या नोंदीस हरकत

प्रति,
मा. वरिष्ठ चौकशी अधिकारी,
बेट मृत्यू-चौकशी कक्ष, अंदमान.

विषय: मुलीच्या मृत्यूच्या अहवालातील अंतराची नोंद रद्द करून चौकशी पुन्हा उघडणेबाबत.
संदर्भ: आपला अहवाल, परिच्छेद चौथा.

महोदय,

१. माझ्या मुलाने, प्राणेशने, मैलापूर सोडून पेरुंगुडीला घर घेतले आणि आम्ही वास्तुशांत केली, ते साल २०२४. त्या वास्तुशांतीला माझी मुलगी विद्यालक्ष्मी अंदमानहून आली ती डावा हात गळ्यात बांधून. नवऱ्याने, उपेंद्रने, तो पाट्यावर धरून वरवंट्याने मोडला होता. पंगत उठल्यावर तिने मला पाठ दाखवली. पट्ट्याच्या बकलाने सोललेली. मी तिला अडवले, पण तिकडच्या शाळेतली नोकरी सोडायला ती तयार नव्हती. म्हणाली, “भिऊ नकोस आई, दोन तासांवर तर आहेस.”

२. सतरा जूनला सकाळी उपेंद्रचा फोन आला की ती न्हाणीत घसरली आणि गेली. मी येईपर्यंत तिला उचलू नको, असे मी बजावले. आमच्यात सवाष्ण गेली की माहेरचे नवे लुगडे, ज्याला आम्ही कोडी म्हणतो, ते माहेरच्या बायका स्वतः तिला नेसवतात. म्हणजे सगळे अंग पाहतात. हे त्याला ठाऊक होते. आमच्यात जावई सासूला मामी म्हणतो. तो म्हणाला, “या की मामी. दोन तासांचे विमान, का वल्हवत येणार?”

३. अंतर सुमारे तेराशे सत्तर किलोमीटर आहे आणि विमानाला दोन तासांहून थोडे अधिक लागतात, हे मला मान्य आहे. त्या दिवशी जागा मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी लुगडे मांडीवर घेऊन मी निघाले. बेट खिडकीतून दिसले, पण वाऱ्यामुळे विमान उतरेना. घिरट्या घालून ते मागे फिरले. पाच तास आकाशात काढून मी चेन्नईतच उतरले. तेवढ्यात त्याने तिला जाळले.

४. आपण लिहिता, “माहेर दोन तासांवर असूनही कोणी वेळेत आले नाही, सबब पतीने अंत्यविधी उरकला. त्या वेळी कोणाचीही तक्रार नव्हती.” महोदय, तक्रार करणारी ढगात होती.

५. एकोणीसला मी पोचले. तो दारात उभा राहून म्हणाला, “उशीर केलात मामी.” मी पितळी तांब्याने त्याचे कपाळ फोडले. तो खाली बसला, तेव्हा पुन्हा मारला. शेजाऱ्यांनी धरले नसते तर थांबले नसते. याचा मला खेद नाही. शिक्षा द्यावी, भोगीन. त्याच्या जखमेची लांबी-रुंदी आपल्या दप्तरात आहे. माझ्या मुलीच्या अंगावरची एकही जखम तिथे नाही.

सबब विनंती की ती नोंद खोडावी आणि शेजारीण महालक्ष्मी हिचा जबाब घ्यावा. भिंतीवर डोके आपटल्याचा आवाज तिने ऐकला. तिला कोणी विचारलेच नाही. नोंद कायमच ठेवायची असेल, तर आपण चेन्नईस येऊन माझा जबाब घ्यावा. दोन तासच लागतात.

मी सत्तरीत अक्षरे शिकले, तीही घरच्या भाषेचीच. म्हणून अर्ज मराठीत आहे. कोणाकडून लिहून घेतलेला नाही.

आपली नम्र,
अन्नपूर्णाबाई त्र्यंबकराव
पेरुंगुडी, चेन्नई
दि. ३ फेब्रुवारी २०२५

सोबत: मोडलेल्या हाताचा एक्स-रे, मागे फिरलेल्या विमानाचे तिकीट, लुगडे, घडी न मोडलेले.

आपल्या अहवालात मृताचे नाव चुकले आहे, म्हणून पुन्हा लिहिते. विद्यालक्ष्मी, माझी मुलगी, सोमवार दिनांक १७ जून २०२४ रोजी पहाटे नवऱ्याच्या माराने मेली.