पहिल्या मिनिटाचा नियम

पोर्टस्मथ, ४ नोव्हेंबर १९६२

प्रिय विनिफ्रेड, तुझ्या वृद्ध पतीचे दुरून प्रेमपूर्वक स्मरण.

आपला क्लिफर्ड सुखरूप आहे. वर्तमानपत्र वाचून घाबरू नकोस. तुझा खोकला कसा आहे?

फुटबॉलमध्ये मधल्या फळीतल्या खेळाडूने पहिल्याच मिनिटात समोरच्याला आडवे करावे, कारण इतक्या लवकर पंच कुणाला बाहेर काढत नाही, हा अलिखित नियम तू जाणतेसच. काल क्लिफर्डने तो पाळला. समोरच्या एकोणीस वर्षांच्या खेळाडूची नडगी मोडल्याचा आवाज मला दहाव्या रांगेत ऐकू आला. हाड मोजा फाडून बाहेर आले होते. माझ्या शेजारचा गोदी कामगार ओरडला, "शाबास, क्लिफ! आता दुसरी तंगडी!" लोक हसले. पंचाने केवळ समज दिली.

आज क्लिफर्ड जेवला नाही. "बाबा, तो पुन्हा खेळणार नाही. मीही बूट टाकतो."

"बारा वर्षांची कारकीर्द अशी टाकतोस, मूर्खा?" मी म्हणालो.

"मग काल सामन्याआधी मैदानाच्या कठड्याशी बोलावून तुम्ही काय सांगितलंत?"

विनिफ्रेड, मी सांगितले होते, "तो चपळ आहे. पहिल्याच मिनिटात मोड त्याला."

उद्या आम्ही दोघे इस्पितळात जाणार आहोत. त्या मुलाची आई तिथे असते. ते वाक्य मी तिला सांगेन.

प्रकृतीस जप.

तुझाच,
अर्नेस्ट