खीरदानाच्या दिवशीचा प्रश्न

पिंप्राळा, जळगाव

प्रिय योगेंद्र,

झालं ते असं:

१. आषाढ पौर्णिमेला विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन सुरू झालं. पहिलं पान तू वाचलंस.
२. भाद्रपदात एका संध्याकाळी तुझी आई धुळ्याहून आली. त्या दिवशी वाचन माझ्याकडे होतं, अर्थ सांगणं तुझ्याकडे. खीरदान आमच्या घरचं.
३. खीर वाढताना तुझ्या आईने माझ्या आईला एक प्रश्न विचारला. आईने खरं उत्तर दिलं.
४. दुसऱ्या दिवसापासून तू आला नाहीस.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे.

तुझ्या जागी आता आकाश बसतो. तो अर्थ सांगत नाही, तेच वाक्य पुन्हा मोठ्याने म्हणतो, म्हणून अर्थही मीच सांगते. द्रौपदाबाई परवा सगळ्यांसमोर म्हणाल्या, "भूमिका सांगते ते बरोबर असतं, पण झोप येते. योगेंद्र सांगायचा ते निम्मं चुकायचं, पण रडू यायचं." सगळे हसले, मीही हसले. मी दिवसभर कारखान्यात प्रेशर गेज तपासते. बरोबर असण्याचाच पगार मिळतो. पण तीन वर्षं तुझ्या शेजारी बसून वाचताना मला वाटायचं, दोघं मिळून आपण एक पुरा माणूस होतो.

तुझ्या आईला तू मला पाहायला आणलं होतंस. सांगितलं नव्हतंस, पण तुझा शर्ट इस्त्रीचा होता. त्या दिवशीचा भाग होता, जन्माने कुणी उंच-नीच ठरत नाही. तू इतकं सुंदर सांगितलंस की वाचन चालवणाऱ्या आधार आबांनी डोळे पुसले. वाचन झालं की ऐकणाऱ्यांनी एक तरी प्रश्न विचारायचा, हा आबांचा नियम. त्या दिवशी सभेत कुणीच विचारला नाही. दिवसाचा प्रश्न तुझ्या आईने मागच्या खोलीत विचारला. आधी माझं कौतुक केलं, "पोर काय गोड वाचस!" मग हातात वाटी घेऊन म्हणाल्या, "तुम्ही मूळना कोन शेतस?"

माझ्या आईला त्यात काही वावगं वाटलं नाही. ती अभिमानाने म्हणाली, "मातंगातले. सासऱ्यांनी दीक्षा घेतली, तेव्हापासून बौद्ध." तुझ्या आईने वाटी खाली ठेवली. पोट भरलं, म्हणाल्या. तू दारात उभा होतास. तू वाटीकडे पाहिलंस, मग चपला शोधायला लागलास.

चार दिवसांनी तुझा मेसेज आला, "घरचे ऐकत नाहीत, समजून घे." त्या दिवशी अर्थ सांगणं तुझ्याकडे होतं, योगेंद्र.

ती उरलेली वाटी आईने घरी आणून घासली. त्या रात्री म्हणाली, "साखर कमी पडली असेल." आता तसं म्हणत नाही. म्हणते, "मी मूळचं सांगायलाच नको होतं. पोरीचं मी मोडलं." तेव्हापासून ती विहारात आलेली नाही. वाचनाच्या वेळी विहारात जायची पांढरी साडी नेसून खाटेवर बसते आणि मी निघाले की म्हणते, आज गुडघा दुखतोय. मी तिला दहा प्रकारे समजावलं. माझं सगळं बरोबर असतं, पण तिला पटत नाही.

हे पत्र तिच्यासाठी आहे. ज्याने ग्रंथ उघडला, त्यानेच आश्विन पौर्णिमेला शेवटचं पान वाचायचं, ही आपल्या विहाराची रीत. त्या दिवशी ये. आधी आमच्या घरी ये, आईला घेऊन विहारात जा, आणि सर्वांसमोर सांग की तिने दिलेलं उत्तर चुकलं नव्हतं. माझ्याबद्दल एक शब्द बोलू नकोस. लग्नाचं मी विचारत नाहीये. ते उत्तर मला दारातच मिळालं.

तू आला नाहीस तर शेवटचं पान मी वाचेन. आईला मात्र मला एकटीला आणता येत नाही.

येणार की नाही, ते येत्या रविवारपर्यंत कळव.

तुझ्या शेजारी बसून वाचणारी,
भूमिका