न धुतलेलं लुगडं

प्रिय थोरल्या आई,

तू जाऊन वर्ष होत आलं आणि मी आत्ता कुठं लिहायला बसलोय. मधे दोन-चारदा वही काढली होती. पण कधी गिऱ्हाइकाचा फोन आला, कधी गाडी धुवायची आठवण झाली. सगळं घर मला नावानं हाक मारायचं, तू एकटीच भिंगऱ्या म्हणायचीस. ते काय उगाच?

आज मात्र उठायची सोय नाही. का ते सांगतो.

सारिका परवा माहेराहून आली, सांगलीकडून. पहिलं बाळंतपण माहेरीच, रीत ती. मी इकडं महाबळेश्वरला टॅक्सी फिरवत होतो. मधे जायचो, लेक ओवी झोपलेली असायची, फोटो काढून परत फिरायचो. आता ती दहा महिन्यांची झालीय आणि बापाला ओळखत नाही. उचललं की अंग ताठ करून रडते. दाढीला भीत असंल म्हणून काल दाढी-मिशी दोन्ही काढली, तर गुळगुळीत तोंड बघून आणखीच मोठ्यानं रडली.

आई म्हणाली, "आता तर मी बी वळकत न्हाई तुला."

आणि मग आईनं ती गोष्ट सांगितली. तू असताना का नाही सांगितली कुणी?

मला जन्म देऊन आई आजारी पडली, मिरजेच्या दवाखान्यात राहिली, वडील पलटणीत, म्हणून तू मला सांभाळलंस, एवढं माहीत होतं. पुढचं नव्हतं. आई बरी होऊन घरी आली तेव्हा मी ओवीएवढाच होतो. तिनं हात पुढं केले आणि मी तुझ्या पदरात तोंड खुपसून किंचाळलो.

"माजं प्वार मला भितंय, आक्का," आई रडायला लागली.

तू म्हणालीस, "भील न्हाई तर काय? दवाखान्याचा वास मारतोय तुला. ह्ये माजं अंगावरचं लुगडं नेस. धुवू नगंस. आन् बस माज्या शेजारी गहू निवडत. त्याला वढायचं न्हाई, त्याच्याकडं बघायचं बी न्हाई. यील त्यो."

दोघी जावा रोज जोत्यावर बसायच्या, मधे सूप. मी हळूहळू दोघींच्यात घुटमळायला लागलो. एक दिवस आपणहून आईच्या मांडीवर चढलो, म्हणे. तशी तू उठलीस आणि म्हशीची धार काढायला गोठ्यात गेलीस. आई म्हणाली, धार मघाशीच काढून झाली होती.

त्या दिवशी गोठ्यात किती वेळ बसली होतीस गं?

एवढं करून कधी एका शब्दानं बोलून दाखवलं नाहीस. बोलली असतीस तर निदान तुझ्याशी भांडता तरी आलं असतं.

गाडीच्या आरशात मी लय लेकरं बघितली. पॉइंटावर माकड दिसलं की लेकरू आधी माकडाकडं बघतं, मग वळून आईच्या तोंडाकडं. आई हसली की तेही हसतं, आणि मग पुढं सरकतं. मला नेहमी वाटायचं, माझा पाय घरात ठरत नाही म्हणजे माझ्यातच काहीतरी उणं आहे. आता वाटतं, तसं नाही. गोवा झालं, बेंगळुरू झालं, मी बिनघोर हिंडलो, कारण मागं वळून बघायला तोंड होतं. एक नाही, दोन. दुसरं तूच मिळवून दिलंस, पहिलं न काढून घेता.

तर आज मी जोत्यावर बसलोय, खांद्यावर सारिकाची जुनी साडी, न धुतलेली. शेजारचा बापू जाता जाता म्हणाला, "काय गड्या, पदर कवापास्नं घ्यायला लागलास?"

म्हटलं, "आजपास्नं. तुला बी शोभंल."

सारिका शेजारी शेंगा फोडतेय. ओवी तिच्या पलीकडं खेळतेय. तिच्याकडं बघायचं नाही म्हणून हातात काहीतरी पाहिजे होतं. गहू निवडायला मला जमत नाही, म्हणून हे पत्र. रागावू नकोस.

शब्द देतो. ती येईपर्यंत ओढणार नाही. आठ दिवस लागोत, महिना लागो, गाडीची किल्ली आईच्या डब्यात ठेवलीय. आणि पुढं कधी गेलो तरी तिला सांगून जाईन, झोपेत टाकून जाणार नाही.

सारिकानं आत्ता कोपरानं ढोसलं. मी मान वर केली नाही. पण वहीच्या कडेवर एक चिमुकला हात आलाय, शेंगांच्या मातीनं भरलेला. मला आठवडाभर तरी आशा नव्हती गं. साडीसाठी आलीय की पेनासाठी, काय ठाऊक. गुडघा धरून उभी राहतेय. पेन ओढतेय. आता

तुझा
भिंगऱ्या

(सही डाव्या हातानं केलीय. उजवा तिच्याकडं आहे.)