सर्दीचा कोठा

१२ मार्च

ती. ताई,

नमस्कार. एरवी 'साष्टांग' लिहायची, आज कंबर धरली आहे, तेव्हा नुसत्यावरच भागवून घ्या. तुमचे गुडघे बरे असतील. इथे आईकडे सगळं ठीक. न लागणारी खिडकी सुताराने दुरुस्त करून दिली.

तुमचं पत्र मिळालं. 'त्याची सर्दी आता पूर्ण बरी झाली आहे, घरी ये.'

सर्दी! धन्य आहे तुमची. लग्नाच्या दिवशीच तुमचा भाऊ सारखा नाक पुसत होता, तेव्हा तुम्ही म्हणालात, "याचा मुळातच सर्दीचा कोठा." मी खुळी वर्षानुवर्षं वाफारे देत बसले. हॉटेलच्या स्वयंपाकघरात मुख्य आचारी, सारखा आगीपुढून बर्फाच्या खोलीत जातो, सर्दी होणारच म्हणून मला त्याची दयाही यायची.

त्याच वर्षांत मी मुलासाठी इंजेक्शनं टोचून घेत होते. माझे रिपोर्ट चांगले यायचे, तरी दोष माझाच. त्याच्या तपासणीचं नाव काढलं की तुम्ही म्हणायचात, "पुरुषाला कशाला?" आणि धाकट्या जावेचं बाळ मी उचलायला गेले, तर भरल्या घरात म्हणालात, "वांझेच्या हाती कशाला देता?"

त्याला ठेवलं होतं त्या व्यसनमुक्ती केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी मला सगळं समजावलं. कोकेन वर्षानुवर्षं नाकाने ओढलं की मेंदूतलं डोपामिन, ज्याच्यामुळे माणसाला काही हवंहवंसं वाटतं, त्याची घडी विस्कटते. त्या डोपामिनच्या धाकात एक संप्रेरक असतं, प्रोलॅक्टिन. धाक सुटला की ते वाढू शकतं. आईच्या अंगावर दूध आणणारं ते हेच. तुमच्या भावाच्या रक्तात ते भरपूर सापडलं, आणि पुरुषात जे हवं ते तळाला. मूल न होण्याचं कारण हेच, असं त्या छातीठोक म्हणत नाहीत, पण असू शकतं म्हणाल्या. म्हणजे ताई, आपल्या घरात दुधाची तयारी चालू होती, फक्त चुकीच्या माणसात. मी इतकी हसले की बाई घाबरल्या.

मी त्याला भेटायला गेले होते, हे त्याने तुम्हाला सांगितलं नसेल. सूप नेलं होतं. एक चमचा घेऊन म्हणाला, "मीठ बरोबर."

"आवडलं का?"

चमचा खाली ठेवून म्हणाला, "चव कळते गं. गोडी वाटत नाही. कशातच."

"माझ्यातही?"

इतकी वर्षं खोटं बोलला, तेव्हा एवढं एक बोलायला काय हरकत होती? नाही बोलला. बाहेर येऊन मी रडले, आणि तेही त्याच्यासाठी, याची मला चीड येते.

गोडी परत यायला महिने लागतील म्हणे, येईलही. वाट बघायची की नाही ते मी ठरवीन. पण निघताना त्याने आणखी एक सांगितलं. त्याच्या खिशातली पहिली पुडी लग्नाआधी तुम्हालाच सापडली होती. 'सर्दी' हा शब्दही तुमचाच.

तेव्हा ताई, एकदा सगळ्यांना घरी बोलवा. ज्या आवाजात 'वांझ' म्हणालात, त्याच आवाजात 'कोकेन' म्हणा. मग घरी येण्याचं बोलू.

तोवर कुणाचीच भावजय नसलेली,
मी